घरची श्रद्धा, स्वतःची श्रद्धा

आवडी, चेन्नई

प्रिय भाची,



तुझं पत्र मिळालं. हॉस्पिटलातली नोकरी, विरार लोकलची गर्दी, आईची गुडघेदुखी असं सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी तू जे विचारलं आहेस, तेच तुला सगळ्यात आधी विचारायचं होतं, हे मला कळलं. रविवारी मिस्सेला जातेस, कॉयरमध्ये गातेस, उपवासकाळात क्रुसाच्या वाटेला उभी राहतेस, पण आत काही हलत नाही. मग ही श्रद्धा माझी आहे की नुसती आपल्या घरची, असं तुझं विचारणं आहे.

मी धर्मगुरू नाही. रणगाड्यांच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. पण हा प्रश्न मलाही तुझ्याच वयात पडला होता आणि त्याच्यासोबत मी बरीच वर्षं राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. श्रद्धा घरची असण्यात कमीपणा काहीच नाही. ती स्वतःची व्हायला मात्र दोन गोष्टी कराव्या लागतात. रोज ठरलेल्या वेळी देवापुढे बसायचं, आणि ज्यांना जखमा आहेत त्यांच्याजवळ जायचं. मन भरून आल्यावर हे करू, असं म्हणत थांबायचं नाही. मन भरून येवो न येवो, करत राहायचं.

घरच्या श्रद्धेपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल तू जरा कडवटपणे लिहिलं आहेस. तुला मिळालेला वारसा लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, तिथल्या लोकांची भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांमधून त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा मराठीत आणली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या कानांत पुराणांची लय होती, तीच लय त्यांनी शुभवर्तमानाला दिली. उपासनेची भाषा पुढची साडेतीनशे वर्षं लॅटिनच राहिली. तुझ्या आजीने लहानपणापासून लॅटिन मिस्सा ऐकली, शब्दाचा अर्थ न कळता गुडघे टेकले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषांना वेदीवर जागा मिळाली, आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ आपल्या हातात ठेवलं. तू ज्या भाषेत रागावतेस, रडतेस, आईशी भांडतेस, त्याच भाषेत तुला देवाशी बोलता येतं. त्यासाठी किती पिढ्या खपल्या, हे मनात ठेव.

वारशाने तुझ्या हातात भाषा दिली, सण दिले, स्तोत्रांच्या चाली दिल्या, वर्षाचा क्रम दिला. तुझ्या बदल्यात देवाशी बोलण्याचं काम मात्र वारसा करू शकत नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया बघ. १५५७च्या सुमारास वसईत जन्मले, येशूसंघीयांच्या हाताखाली वाढले, त्यांच्याबरोबर जपानला जाऊन धर्मशिक्षण देऊ लागले. नंतर व्यापारात पडले आणि त्यात जमही बसला. तरीही ते सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, पुन्हा जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मरण पत्करलं. वसईच्या कोटात शिकलेली प्रार्थना त्यांना परक्या बंदरांमध्ये, पैशाच्या ऐन व्यवहारात, पुन्हा स्वतःहून निवडावी लागली. संतालाही ते चुकलं नाही.

माझ्या वाट्याला परकं बंदर आलं नाही, आवडी आली. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावरचं हे गाव तेव्हा बरंचसं कारखान्यांचं आणि लष्करी वस्त्यांचं होतं. १९७८ साली मी इथे रुजू झालो. कारखान्याच्या वसाहतीत देशभरची माणसं होती, पण आमच्या चर्चमध्ये मिस्सा तमिळमध्ये. चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचं, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांचा तो मोठा, मोकळा आवाज ऐकायचा. कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, ते सगळं ओळखीचं, पण शब्द एकही कळायचा नाही. इथे कोणी मला लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं. एखाद्या रविवारी नाही गेलो, तर संध्याकाळी घरी येऊन ‘बरं नाही का?’ म्हणून विचारणारी मावशी नव्हती. जाणं किंवा न जाणं हा निर्णय पहिल्यांदाच पूर्णपणे माझा झाला. मी जात राहिलो. आणि सकाळच्या पाळीचा भोंगा होण्याआधी, खोलीतले सगळे झोपलेले असताना, मराठी शुभवर्तमान उघडून पंधरा मिनिटं बसू लागलो. माझ्या श्रद्धेचा जो काही भाग माझा आहे, तो त्या पंधरा मिनिटांतला आहे.

तू वसईत आहेस. तुला घंटाही ऐकू येते आणि मावश्याही विचारतात. ते सोडून दूर जा, असं मी सांगणार नाही. पण दिवसातली पंधरा मिनिटं अशी ठेव, की त्यात तू काय करतेस ते कोणाला दिसणार नाही, आणि केलं नाहीस तर कोणी विचारणारही नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने प्रार्थनेसाठी दार लावून घ्यायला सांगितलं आहे, ते याचसाठी असावं. लोकांना दिसणारी भक्ती लोकांच्या आधारावर उभी राहू शकते. दाराआडची भक्ती उभी राहिली, तर ती देवाच्या आणि तुझ्या आधारावर.

तू म्हणशील, पंधरा मिनिटांनी काय होणार? तुमच्या वाडीतलं बावखल आठव. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी गोड ठेवतं आणि समुद्राचं खारं पाणी मागे रेटतं. बावखल स्वतः पाण्याचा एक थेंबही तयार करत नाही, पाणी वरून येतं. माणसाचं काम उन्हाळ्यात गाळ काढण्याचं. ज्या वाड्यांनी ते सोडून दिलं, तिथल्या विहिरी मचूळ झाल्या. रोजची प्रार्थना हे गाळ काढण्याचं काम आहे. कृपा तू निर्माण करायची नाहीस, तिला जागा करून द्यायची आहेस. म्हणून आज प्रार्थना चांगली झाली की वाईट, हा हिशेब ठेवू नकोस. बसलीस की नाही, एवढंच पाहा.

आता बसून करायचं काय, ते सांगतो. नुसतं ‘प्रार्थना कर’ म्हणणं सोपं असतं आणि ऐकणारा तिथेच अडतो.

सकाळसाठी जुनी, चार पायऱ्यांची रीत आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीने ती शिडीच्या रूपात मांडून ठेवली. शुभवर्तमानातला एक लहान उतारा सावकाश वाचायचा. मग त्यातलं एखादं वाक्य, एखादं माणूस, एखादी कृती मनात अडकते, तिच्यापाशी थांबून विचार करायचा. मग त्याबद्दल देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलायचं. आणि शेवटी बोलणंही थांबवून नुसतं त्याच्यासमोर राहायचं. शेवटची पायरी हाताला लागेलच असं नाही, आणि ती ओढून आणताही येत नाही. १८ नोव्हेंबर १९६५च्या दस्तऐवजात व्हॅटिकन परिषदेने सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला, त्यांत धर्मगुरू आणि सिस्टरांबरोबर तू आणि मीही आहोत.

संध्याकाळसाठी संत इग्नेशियसची रीत घे. हा लोयोलाचा सरदार १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पायाला जखमी झाला. घरी महिनोन् महिने पडून असताना त्याच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं पडली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण मागे मन कोरडं राहतं, आणि संतांसारखं जगण्याचा विचार केल्यावर आनंद मागेही टिकतो, हे त्याला तिथे दिसलं. मनातल्या हालचालींकडे असं लक्ष देण्यातून दिवसाच्या परीक्षणाची त्याची पद्धत आली. तिचे पाच टप्पे आहेत. आजच्या दिवसात जे मिळालं त्याबद्दल आभार मानायचे. दिवस खरेपणाने पाहता यावा म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. सकाळपासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने आठवायचा. जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची. आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवायची. अंधेरीहून वसईला पोचेपर्यंत हे सहज होतं. बसायला जागा मिळाली नाही, तरी दांडीला धरून उभ्या उभ्याही होतं.

माळेबद्दल तू लिहिलं आहेस, की घरात संध्याकाळी माळ म्हणताना तोंड चालतं आणि मन भलतीकडे जातं. मन भरकटलं तर घाबरू नकोस, त्याला परत आण. पवित्र मारियेला तिच्या पुत्राच्या आयुष्याकडे पाहायला सोबत घेणं, हा माळेचा गाभा आहे. ‘नमो मारिया’चे शब्द त्या पाहण्याला ताल देतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्यं जोडली, त्यांत येशूचा बाप्तिस्मा आहे, कानातलं लग्न आहे. एखाद्या दिवशी एकच दशक घे आणि कानाच्या त्या लग्नघरात उभी राहा. द्राक्षारस संपल्याचं यजमानाच्या आधी मारियेच्या लक्षात आलं. दुसऱ्याची अडचण त्याने सांगायच्या आधी दिसणं, ही तिच्याकडून मागण्यासारखी गोष्ट आहे.

हे सगळं करूनही आत काही हलणार नाही, असे दिवस येतील. महिनेही येतील. त्याबद्दल नीट लिहितो, कारण पुष्कळ तरुण माणसं इथेच परत फिरतात. आपल्याला काही जाणवत नाही म्हणजे देव नाही, किंवा आपली श्रद्धा खोटी आहे, असं त्यांना वाटतं. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने आली तेव्हा जग थक्क झालं. मरणासन्न माणसांना रस्त्यावरून उचलून आणणाऱ्या या बाईला जवळजवळ अर्धं शतक आत अंधार जाणवत होता. देवाची चाहूल लागत नव्हती. तरीही त्या पहाटे उठून चॅपेलमध्ये जात होत्या आणि मग वस्तीत जात होत्या. ४ सप्टेंबर २०१६ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केलं, ते हा अंधार माहीत असताना. लिझ्यूची संत तेरेज पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. शेवटचं दीड वर्ष स्वर्ग आहे की नाही, या शंकेने तिला घेरलं होतं. त्या काळात मठातल्या त्रासदायक वाटणाऱ्या बहिणींशी ती आणखी प्रेमाने वागत राहिली. या दोघींच्या तोडीचे आपण नाही, पण कोरडेपणा हा श्रद्धा नसल्याचा पुरावा धरता येत नाही, एवढं त्यांच्याकडून नक्की शिकता येतं. नवरा-बायको, आई-मुलं रोज काही उमाळ्यात नसतात. तरी नातं असतंच, आणि रोजच्या करण्यातून ते वाढतं.

मी राहतो ते शहर संत थॉमसचं आहे. परंपरा सांगते, की हा प्रेषित सन ५२मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि सन ७२मध्ये आज ज्याला सेंट थॉमस माउंट म्हणतात त्या टेकडीवर त्याचा वध झाला. मैलापूरला समुद्राजवळ सान्थोमचं मोठं पांढरं चर्च आहे. आताची इमारत १८९६ सालची. तिच्याखाली त्याच्या थडग्याची जागा आहे. आवडीहून लोकलने सेंट्रल आणि तिथून बसने मी तिथे जातो. या प्रेषिताला सगळं जग संशयी म्हणून ओळखतं, पण योहानाचं शुभवर्तमान पुन्हा लक्ष देऊन वाच. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो शिष्यांमध्ये नव्हता. परत आल्यावर त्याने सरळ सांगितलं, की जखमांमध्ये बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. त्यानंतर एक आठवडा गेला. त्या आठवड्याबद्दल शुभवर्तमान काही सांगत नाही, पण आठवडा संपला तेव्हा थॉमस त्या सगळ्यांबरोबर त्याच खोलीत होता. शंका होती म्हणून तो निघून गेला नाही, आणि इतरांनीही त्याला घालवलं नाही. प्रभू भेटला तो त्या घोळक्यातच.

म्हणून तुला सांगतो, तुझी शंका घेऊन मिस्सेला जा. शंका फिटेपर्यंत घरी बसेन, असं म्हणू नकोस. मिस्सेत तू समजतेस त्याहून जास्त माणसं तुझ्यासारखीच आलेली असतात. धर्मग्रामात एखादा फादर, एखादी सिस्टर किंवा एखादं वडीलधारं माणूस शोध, ज्याच्यापाशी न लपवता बोलता येईल. महिन्यातून एकदा कुमसारला जात जा. तिथे तोंडाने उच्चारलेलं पाप लहान होतं असं नाही, पण त्याचं ओझं एकटीने वाहायचं राहत नाही.

थॉमसकडे पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. त्याने चमत्कार मागितला नाही, तेजोवलय मागितलं नाही. जखमा मागितल्या. पुनरुत्थान पावलेल्या प्रभूच्या अंगावरही त्या तशाच होत्या. ज्याला देव खरा हवा आहे त्याने जखमांकडे जावं, हे मी त्याच्याकडून शिकलो. तू हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसतेस. तुझ्या खिडकीसमोर दिवसभर जी रांग लागते, तिच्यातलं प्रत्येक माणूस कोणाचं तरी दुखणं घेऊन आलेलं असतं. बिल कमी करणं तुझ्या हातात नसेल. पण योजनेचा अर्ज कुठे मिळतो ते बसवून सांगणं, म्हाताऱ्या माणसाला आकडा दोनदा समजावणं, रडणाऱ्या बाईला घाई न करणं तुझ्या हातात आहे. देव जाणवत नाही म्हणून तू चर्चमध्ये त्याला शोधतेस, ते बरोबरच आहे. पण तो दिवसातले आठ तास त्या रांगेतही उभा असतो. शेवटच्या न्यायाबद्दल बोलताना प्रभूने भुकेलेल्यांत, आजाऱ्यांत, तुरुंगातल्यांत स्वतःला मोजलं आहे.

कामाचा विषय निघालाच आहे, तर माझं सांगतो. १९६५ साली आमच्या कारखान्यातून पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातल्या ख्रिस्तसभेबद्दलचा आपला दस्तऐवज दिला. देशाच्या रक्षणासाठी उभे असलेले सैनिक शांतीलाही हातभार लावतात असं त्यात म्हटलं आहे, आणि शस्त्रस्पर्धा गरिबांच्या तोंडचा घास काढून घेते असंही ठासून सांगितलं आहे. मी या दोन विधानांच्या मध्ये नोकरी केली. रोज संध्याकाळी परीक्षण करताना हे टाळता यायचं नाही. शांती मागणाऱ्या माणसाचेच हात रणगाड्यावर काम करतात, हे देवापुढे मांडत राहिलो. त्याचं सोपं उत्तर मला मिळालं नाही. पण त्या प्रश्नाने माझ्या कामाला कस लावला. तपासणी विभागात माझी सही ज्या भागावर व्हायची, त्याच्या भरवशावर कोणाचा तरी मुलगा आत बसणार होता. त्यामुळे न तपासता सही करायची नाही, वरून कितीही घाई असो, हे मी प्रार्थनेतून ठरवलं आणि पाळलं. शेजारच्या देशातल्या माणसांसाठी रोज प्रार्थना करायची, हेही ठरवलं. रविवारची श्रद्धा सोमवारच्या कामाला हात लावू लागली, की ती आपली होऊ लागली आहे असं समज.

आयुष्याचं पुढे काय करायचं, लग्न की आणखी शिक्षण, हेही तू ओझरतं विचारलं आहेस. १५४५ साली संत फ्रान्सिस झेवियर मैलापूरला येऊन जवळजवळ चार महिने राहिले. पुढे कोणीकडे जावं, हे त्यांच्या मनात ठरत नव्हतं. थॉमसच्या थडग्यापाशी ते प्रार्थना करत राहिले, आणि मलाक्काकडे जाण्याची स्पष्टता त्यांना इथेच मिळाली. एवढ्या धावत्या आयुष्यातल्या माणसाने एका निर्णयासाठी महिने दिले. तूही घाई करू नकोस. निर्णय रोजच्या पंधरा मिनिटांत पुन्हा पुन्हा ठेव, आणि कोणत्या विचारानंतर मन शांत राहतं ते इग्नेशियससारखं पाहत जा.

आता नवसाबद्दल. तू लिहितेस, आपली माणसं सप्टेंबरात मोत माउलीला मेणबत्त्या वाहतात, हे मागून घेणं म्हणजे खरी श्रद्धा नव्हे. इथे २९ ऑगस्टला बेझंट नगरच्या वेलांकन्नी मातेच्या चर्चवर झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्माचा सण होतो. त्याआधी चेन्नईहून कितीतरी लोक भगवी वस्त्रं घालून थेट नागपट्टिनमजवळच्या वेलांकन्नीपर्यंत पायी निघतात. तीनशे किलोमीटरच्या वर चालणं आहे. पंढरीच्या वाटेची आठवण यावी, असा तो लोंढा असतो, आणि त्यात अन्य धर्मांची माणसंही पुष्कळ असतात. कोणी मुलासाठी, कोणी आजारासाठी, कोणी कर्जासाठी चालतं. या माणसांकडे वरून पाहू नकोस. गरज घेऊन आलेल्याला प्रभूने कधी परत लावलं नाही. आंधळ्याला त्याने आधी विचारलं, तुला काय हवं आहे. आपण फक्त तिथेच थांबायचं नाही. मागितलेलं मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी पुढच्या वर्षी चालायला येतो, त्याचं नातं नवसाच्या पुढे गेलेलं असतं. अशी माणसं मी इथे पाहिली आहेत.

आणि शेवटी देवसहायम. हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कन्याकुमारीजवळच्या नट्टालमचे नीलकंठ पिल्लै १७१२ साली जन्मले. घर प्रतिष्ठित, नोकरी त्रावणकोरच्या राजदरबारची. घरावर नुकसानीमागून नुकसान येऊ लागलं तेव्हा दे लान्नॉय नावाच्या डच सेनानीने त्यांना ईयोबाची कथा सांगितली. सगळं गमावूनही ज्याने देवाचा हात सोडला नाही, त्या माणसाची कथा. १७४५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते देवसहायम झाले. त्यानंतर ते जातीपातीची पर्वा न करता सगळ्यांमध्ये मिसळू लागले. पुढे अटक झाली, हाल झाले, आणि १४ जानेवारी १७५२ रोजी काट्टाडिमलैवर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १५ मे २०२२ला पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. संत झालेले ते पहिले भारतीय प्रापंचिक. बायको होती, नोकरी होती, घरदार होतं. दुःखाच्या दिवसांत एका मित्राने सांगितलेल्या गोष्टीवरून त्यांची श्रद्धा सुरू झाली आणि ती कोणाशेजारी बसायचं यावर येऊन ठेपली. जातीच्या भिंती ख्रिस्तसभेतही आहेत. इथे आहेत, आणि वसईत लग्न जुळवताना तूही त्या पाहतेस. तुझी श्रद्धा किती खोल गेली हे मोजायचंच असेल, तर आपण कोणाच्या ताटाला ताट लावून जेवतो ते पाहा.

येत्या सोमवारपासून मार्ककृत शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत, चारांतलं सगळ्यात लहान. रोज एक प्रसंग, एवढंच. घरात सगळे उठायच्या आधीची वेळ ठरव आणि ती बदलू नकोस. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बस. परतीच्या लोकलमध्ये परीक्षण. रविवारी मिस्सा, शंकेसकट. महिन्याने कुमसार. आणि आठवड्यातून एकदा अशा माणसाकडे जा, ज्याच्याकडे कोणी जात नाही. तुमच्याच गल्लीत कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असेल.

नाताळापर्यंत एवढं कर आणि मग मला पत्र लिही. कसं वाटलं, ते त्यात नसलं तरी चालेल. कोणाकोणाकडे गेलीस आणि मार्कमधल्या कुठल्या प्रसंगापाशी अडलीस, ते लिही. तिथून पुढे आपण दोघं मिळून वाचू.

आईला गुडघ्यांना तेल लावायला सांग आणि माझा नमस्कार सांग. तुझ्यासाठी मी रोज सकाळी प्रार्थना करतो.

तुझा,
मामा